काठी कोणाची आणि कशासाठी?

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्यास राज्यशस्त्राचा मान दिला. त्याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु शस्त्राला मान देणे सोपे असते. ते ज्या हातांनी जपले, त्या हातांना मान देणे अवघड असते. पुण्याच्या गंज पेठेतील तालमीत दांडपट्टा शिकविणारे वस्ताद लहुजी साळवे (१७९४–१८८१) हे मांग समाजात जन्मले होते, आणि त्यांच्याकडे दांडपट्टा व निशाणबाजी शिकावयास जाणाऱ्या तरुणांत जोतीराव फुले होते. राज्यशस्त्राचा अभिमान मिरविणाऱ्यांपैकी किती जणांस ही गोष्ट ठाऊक आहे? ज्या समाजाची सावलीही विटाळ मानली गेली, त्या समाजातील वस्तादाने उत्तर पेशवाईचे दिवस पाहिलेली विद्या जिवंत ठेवली आणि ती जात न पाहता दिली. पुढे फुल्यांनी शाळा काढल्या, तेव्हा त्या शाळांना अस्पृश्यांची मुले मिळवून देण्यासही हाच वस्ताद पुढे आला. पट्ट्याच्या इतिहासातील हे पान झाकून ठेवून पट्ट्याचा गौरव होऊ शकत नाही.

देवरी व तिच्या परिसरातील बौद्ध बंधूंनो आणि भगिनींनो, धम्म व हक्क यांचा विचार करणाऱ्या या पाक्षिकात शस्त्राची चर्चा कशासाठी, असे आपणांस वाटेल. आमचे उत्तर असे की, दांडपट्टा आपल्या घरात नाही, पण काठी आहे. कोणत्याही घराच्या कोपऱ्यात ती उभी असते. तिचा इतिहास आपल्या इतिहासाशी इतका जखडलेला आहे की, तो जाणल्यावाचून आपण काय सोडून आलो आणि काय घेऊन पुढे जावयाचे, हे नीट कळणार नाही.

प्रथम शब्दाकडेच पाहा. लाठी हा शब्द संस्कृत यष्टि, पाली लट्ठि या वाटेने आपल्यापर्यंत आला. संबोधीनंतर भगवान बुद्ध राजगृहास आले, तेव्हा मगधराज बिंबिसार त्यांना जेथे सामोरा गेला, त्या उपवनाचे नाव लट्ठिवन असे विनयपिटकात आहे. पुढे सातव्या शतकात ह्युएन्त्संग त्या ठिकाणी गेला, तेव्हा त्याला तेथे वेळूचे दाट रान दिसले. एका ब्राह्मणाने बुद्धांची उंची वेळूच्या काठीने मोजू पाहिली, ती मोजता येईना म्हणून त्याने काठी तेथेच टाकली आणि तिला मुळे फुटून हे रान झाले, अशी दंतकथा त्याने नोंदविली आहे. बिंबिसाराने भिक्खुसंघास जे पहिले उपवन दान दिले, ते वेळुवन होय. आपल्या बोलीतील वेळू हा तोच शब्द. देवरीच्या भोवतालच्या जंगलात उभा असलेला भरीव बांबू, ज्याला मानवेल म्हणतात, तो पाहताना हे नाते ध्यानी असू द्यावे.

उत्तम लाठी याच भरीव बांबूची होते. पेरे जवळजवळ असलेला, पक्व झालेला बांबू निवडावा लागतो. कोवळा बांबू वाळला की चिरतो व पहिल्याच टोल्यास फुटतो. तो सावलीत वाळवितात, विस्तवावर शेकून त्याचा बाक काढतात, पेरांच्या गाठी तासून गुळगुळीत करतात आणि पुष्कळ दिवस त्यास तेल पाजतात. कोणी टोकांना लोखंडी कडी बसवितात. काठी फार लांब झाली तर हाताला जड होते आणि आखूड झाली तर अंतर राखता येत नाही. म्हणून ती शिकणाऱ्याच्या उंचीच्या मानाने घेतात. हे सारे काम राजवाड्यातील शस्त्रागारात होणारे नव्हे. ते जंगलाच्या कडेला राहणाऱ्या, हाताने कष्ट करणाऱ्या माणसाचे काम आहे.

आणि हीच या कलेच्या उगमाची खरी कथा आहे. काठी चालविण्याची विद्या कोणा एका ऋषीने, एका राजाने किंवा एका जातीने निर्माण केली, असा पुरावा कोठेही नाही. गुराख्याला वाघ-लांडग्यांपासून ढोरे राखावयाची होती, शेतकऱ्याला रानडुकरांपासून पीक राखावयाचे होते, वाटसरूला वाटमाऱ्यापासून गाठोडे राखावयाचे होते. प्रत्येकाने काठी उचलली, आणि पिढ्यांच्या अनुभवाने वार कसा करावा, वार कसा अडवावा, पाय कोठे ठेवावा, हे ठरत गेले. देवरीहून पूर्वेस छत्तीसगडात गेल्यास आजही कार्तिकातील देवउठनी एकादशीपासून राऊत गुराखी सजविलेल्या लाठ्या घेऊन नाचताना दिसतात. तामिळ प्रदेशातील सिलंबम, पंजाबातील गतका, बंगालातील लाठीखेळ, कोल्हापूरचे मर्दानी खेळ, ही सारी याच मोठ्या कुटुंबातील भावंडे होत. आपल्याकडे फरी-गदगा, बोथाटी, बनेटी, दांडपट्टा यांची शिस्त वेगवेगळी असली, तरी सर्वांचा आरंभ पवित्र्यापासून होतो. आणि पवित्रा म्हणजे दुसऱ्यास मारण्यापूर्वी आपला तोल सांभाळण्याची विद्या होय.

आता आपल्या काठीकडे वळू. गावगाड्यात महाराच्या हातीही काठी होती; पण ती त्याची नव्हती. येसकराची पाळी ज्या घरी येई, त्या घरी ती काठी जाई, आणि तिच्यासोबत गावची सारी राबणूक जाई. सरकारी अंमलदारापुढे धावणे, वसुलाची रक्कम कचेरीपर्यंत पोहोचविणे, शिवेच्या तंट्यात साक्ष देणे, मयताची वार्ता परगावी नेणे, रात्रीची गस्त घालणे, ही सारी कामे त्या काठीच्या जोरावर नव्हे, त्या काठीच्या ओझ्याखाली चालत. आपल्या झाडीपट्टीत वतनाची रीत पश्चिम महाराष्ट्राहून निराळी होती. आपले पुष्कळसे पूर्वज जाडेभरडे कापड विणून पोट भरीत, तर गावचा पहारा कोतवालाच्या नात्याने आपल्यांपैकीच कोणी करी. नाव निराळे, पण दशा तीच. ज्याच्यावर गावाने आपल्या धनाचा आणि शिवेचा भरवसा टाकला, त्यालाच गावाने पाणवठ्यावर उभे राहू दिले नाही. जगाच्या इतिहासात पहारेकऱ्याची अशी थट्टा क्वचितच झाली असेल.

त्या काठीला घुंगरू बांधीत. घुंगराचा आवाज आला की महार येत आहे, याची वर्दी गावाला मिळे. येथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. बौद्ध भिक्खूंच्या परंपरेतही वाजणारी काठी आहे; तिला खक्खर म्हणतात. तिच्या शेंड्याला धातूच्या कड्या असतात. चीन, जपान या देशांत ती आजही दिसते. चालताना कड्या वाजाव्या, वाटेतील किड्यामुंग्यांनी दूर व्हावे, आणि भिक्षेसाठी दारी आल्याची सूचना घरधन्यास मिळावी, हा तिचा हेतू. दोन्ही काठ्या वाजतातच. पण एकीचा आवाज सांगतो, ‘माझ्यापासून तुला इजा न होवो’. दुसरीचा आवाज सांगत असे, ‘माझ्या स्पर्शाने तू बाटू नकोस.’ एकीत करुणा आहे, दुसरीत अपमान. काठी तीच, ती कोणत्या विचाराने हाती दिली गेली, यावर सारे अवलंबून असते. धर्मांतराचा अर्थ आपल्या मुलांना समजावून सांगताना हे उदाहरण अवश्य द्यावे.

महारांना शस्त्र अपरिचित होते, असे मात्र कोणी समजू नये. शिवकाळात गडांच्या घेऱ्यातील चौक्या-पहाऱ्यांवर महार, रामोशी, मांग, कोळी हे लोक असत. १ जानेवारी १८१८ रोजीच्या कोरेगावच्या लढाईतील विजयस्तंभावर कोरलेल्या मृतांच्या नावांत ‘नाक’ शेवट असलेली महार नावे बावीस आहेत. पुढे याच समाजाला १८९२ च्या सुमारास लष्कराची दारे बंद झाली. लढवय्या जाती आणि न लढवय्या जाती, अशी नवी वर्णव्यवस्था इंग्रजांनी उभारली होती. पेन्शनर सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. पहिल्या महायुद्धात थोडी भरती झाली, ती युद्धानंतर पुन्हा मोडली. अखेर ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावास महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. ज्यांना ‘लढण्यास अपात्र’ ठरविले, त्यांच्या नावाची रेजिमेंट आज देशाच्या सैन्यात आहे.

दरम्यान गावोगावी काठीचा प्रसार झाला, त्याचे एक कारण कायद्यात आहे. १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. तलवारी गेल्या, पट्टे खुंटीला लागले. पण काठी राहिली, कारण काठीवर बंदी घालणे म्हणजे शेतकऱ्याच्या आणि गुराख्याच्या हातावरच बंदी घालणे होते. पोलिसांनी लाठी घेतली, आखाड्यांनी लाठी घेतली, मेळ्यांनी आणि स्वयंसेवकांच्या पथकांनी लाठी घेतली. अमरावतीस १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थांनी देशी व्यायामास शास्त्रशुद्ध शिक्षणाचे रूप दिले, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकेही केली. हे कार्य मोठे आहे. परंतु सर्वसाधारण तालमीची गोष्ट निराळी होती. बहुतेक तालमींत मारुतीची स्थापना असे. आणि जेथे देव, तेथे विटाळ. ज्याच्या देहावर सर्वांत अधिक घाव पडत, त्यालाच घाव अडविण्याची विद्या शिकण्यास मज्जाव होता. लहुजींच्या तालमीचे मोल या पार्श्वभूमीवर जोखावे.

या अन्यायावर उपाय निघाला तो महाडच्या संग्रामात. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर काही तासांतच, विखुरलेल्या आणि निःशस्त्र प्रतिनिधींवर सनातनी जमाव काठ्या घेऊन तुटून पडला. परिषदेस आलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले लोक होते. त्यांना काठी चालविता येत नव्हती असे नाही. बाबासाहेबांच्या एका शब्दासाठी ते थांबले होते. तो शब्द निघाला असता तर महाडच्या रस्त्यांवर काय झाले असते, हे सांगावयास नको. बाबासाहेबांनी तो शब्द काढला नाही. त्यांनी जखमींना दवाखान्यात पोहोचविले, फिर्यादी केल्या, आणि जून १९२७ मध्ये पाच हल्लेखोरांना सक्तमजुरीची शिक्षा झाली. तळ्याचा दावाही दहा वर्षे चालून १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात आपल्या बाजूने लागला.

कोणी म्हणेल, त्या दिवशी आपण मार खाल्ला. आम्ही म्हणतो, त्या दिवशी आपण काठी चालविण्याचा सर्वांत अवघड धडा शिकलो: हात उचलता येत असताना तो आवरण्याचा. आणि हा धडा दुबळेपणाचा नव्हता, याची साक्ष म्हणजे त्याच काळात उभे राहिलेले समता सैनिक दल. दलाच्या सैनिकांनी कवायत केली, लाठी शिकली, सभांचे आणि सत्याग्रहांचे संरक्षण केले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडास पुन्हा जी परिषद भरली, तीत शिस्त राखण्यास स्वयंसेवक सज्ज होते. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलाची परिषद भरली आणि तिच्या बरोबरीने अस्पृश्य महिलांचीही परिषद झाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर लाखोंचा सागर लोटला, तेव्हा त्याला वळण देणारे हातही याच दलाचे होते. येसकराच्या काठीपासून सैनिकाच्या काठीपर्यंतचा हा प्रवास अवघ्या एका पिढीत झाला. पहिली काठी गावाने हाती दिली होती; दुसरी आपण स्वतः उचलली.

या ठिकाणी एका मोहापासून आम्ही आपणांस सावध करू इच्छितो. चीनमधील शाओलिन विहाराची युद्धविद्या भारतातून गेलेल्या बोधिधर्माने निर्माण केली, असे हल्ली सर्रास सांगितले जाते, आणि बौद्ध म्हणून आपल्यालाही ते गोड वाटते. पण बोधिधर्माच्या काळातील एकही पुरावा तसे सांगत नाही. ही कथा ज्या ग्रंथावरून पसरली, तो सतराव्या शतकातील आहे. सिद्ध आहे ते एवढेच की, शाओलिन विहार पाचव्या शतकाच्या अखेरीस स्थापन झाला, ६२१ मध्ये तेथील भिक्खूंनी तांग घराण्याच्या राजपुत्रास युद्धात साह्य केले, आणि सोळाव्या शतकात समुद्री चाच्यांशी लढताना त्यांची कीर्ती झाली ती विशेषेकरून काठीच्या विद्येमुळे. हे खरे तेवढेच पुरेसे आहे. ज्यांनी पुराणांतील भाकडकथांचा त्याग केला, त्यांनी आपल्या सोयीची नवी पुराणे रचू नयेत. कालाम सुत्ताचा उपदेश परक्यांच्या थापांपुरता नाही. तो आपल्या आवडत्या थापांनाही लागू आहे.

मग पहिले शील पाळणाऱ्याने काठी शिकावी काय, हा प्रश्न उरतो. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी तरुण सिद्धार्थाचे जे चित्र रेखाटले आहे, ते येथे मार्ग दाखविते. सिद्धार्थ शस्त्रविद्येत निपुण होता. परंतु मित्रांबरोबर शिकारीला जाण्यास त्याने नकार दिला, आणि रोहिणीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध पुकारण्यास त्याने शाक्यसंघात उभे राहून विरोध केला. त्याला लढता येत नव्हते म्हणून त्याने शांती सांगितली असती, तर ती कोणी ऐकली नसती. अहिंसेची चर्चा करताना बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची निकड यांत भेद केला आहे. पहिली धम्माला वर्ज्य आहे. दुसरीचा निर्णय विवेकाने करावयाचा आहे. आपल्या देशाचा कायदाही याच रेषेवर उभा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात. पण बचावास आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क देत नाहीत.

आणि कायद्याची आठवण झाली म्हणजे आपल्या शेजारची एक जखम उघडी होते. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका बौद्ध कुटुंबातील माता, कन्या व दोन पुत्र यांची जमावाने हत्या केली. आपला गोंदिया जिल्हा १९९९ पर्यंत त्याच भंडाऱ्याचा भाग होता. ती माणसे आपल्या सोयऱ्याधायऱ्यांतलीच होती. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरविले. परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे निकालात टिकली नाहीत, आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशीच्या शिक्षा पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलल्या. त्या घरात एक काठी असती तर ती चौघे वाचली असती काय? आम्हांस तसे वाटत नाही. संपूर्ण जमावापुढे एकटी काठी काही करू शकत नाही. जमावाला रोखते ती संघटना. वेळेवर केलेली फिर्याद. न फुटणारा साक्षीदार. आणि शेजारच्या दहा गावांतून एका हाकेला धावणारी माणसे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने पीडितांच्या व साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण आले आहे. ते आपल्या प्रत्येक विहारात मोठ्याने वाचले गेले पाहिजे.

म्हणून देवरी परिसरातील बौद्ध कुटुंबांपुढे आमचे म्हणणे असे आहे. विहाराच्या अंगणात आठवड्यातून दोन संध्याकाळ काठीचे वर्ग सुरू करावे. सैन्यातून, पोलिसांतून निवृत्त झालेले आपले बांधव गुरू म्हणून लाभतील. वर्गाचा पहिला अर्धा तास पुस्तकाचा असावा, त्यात संविधान आणि कायदा वाचावा. मागाहून काठी उचलावी. मुलींना मागच्या रांगेत उभे करू नये. खैरलांजीनंतर ज्या बापाला आपल्या मुलीस पवित्रा शिकविण्याची लाज वाटते, त्याने ती लाज सोडावी. शेजारची गोंड, हलबा, गोवारी अशी कोणाचीही मुले आली तरी त्यांना रांगेत घ्यावे. लहुजींनी जात विचारली नाही, आपण विचारू नये. मिरवणुकीत काठ्या नाचवून कोणास धाक घालण्याचा उद्योग मात्र कोणी करू नये. धाक घालण्यासाठी उचललेली काठी उद्या आपल्याच घरातील दुबळ्यावर, पत्नीवर आणि पोरांवर पडते, हा सर्व जातींचा अनुभव आहे. जो घरात हात उगारतो, त्याचे नाव वर्गातून काढावे.

शासनाने दांडपट्ट्यास मान दिला. २०२० च्या अखेरीस केंद्राने गतका, कलरीपयट्टू, थांग-टा व मल्लखांब यांना खेलो इंडियाच्या युवा स्पर्धांत स्थान दिले. आपल्या काठीलाही उद्या असे स्थान मिळो. पण ती त्याची वाट पाहत नाही. घराच्या कोपऱ्यातील ती काठी आज उचला, तिला तेल पाजा, तिचे घुंगरू कोणी व का बांधले होते ते मुलांना सांगा, आणि मग ती मुलीच्या हाती द्या.